मुली किती होत्या?

भाचीचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभा होतो. ती कराडला असते, नववीत आहे, तीन वर्षं झाली ज्युदो शिकते. मागे एसटी स्टँडचा गोंगाट, कुठली तरी गाडी फलाटाला लागल्याची कर्ण्यावरची घोषणा, आणि त्यातून तिचा आवाज, "मामा, थर्ड आले! जिल्ह्यात! साताऱ्यातच आहोत अजून." दुधाला नुकती साय धरत होती, कडेने बुडबुडे यायला लागले होते. त्या बुडबुड्यांवरची नजर न काढता मी म्हणालो, "अरे वा! मुली किती होत्या?" पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग ती म्हणाली, "अकरा. ठेवते, गाडी लागली." दूध उतू गेलं ते गेलंच, पण त्या दिवशी ओटा पुसताना माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नव्हतंच. ते अण्णांचं होतं. गणितात पंच्याऐंशी पडले म्हटलं की अण्णा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "हायेस्ट किती?" पंच्याऐंशी ही संख्या त्यांना एकटी दिसतच नसे, तिच्या शेजारी दुसरी एखादी उभी केल्याशिवाय तिची उंची त्यांना कळायची नाही. त्यात दुष्टावा काही नव्हता. पुढे ते चहा प्यायचे आणि मी खेळायला जायचो. पण पंच्याऐंशीचा कागद मी दप्तरात परत ठेवताना तो जरासा चुरगळायचा, एवढं आठवतं.

रात्री तिच्याकडून एक व्हिडिओ आला. वर ना शब्द, ना नेहमीचे ते हसरे-रडके चेहरे. मला वाटलं तिचीच लढत असेल. उघडला तर बीजिंग, २००८.

९ ऑगस्ट २००८. बीजिंगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचं व्यायामगृह, ६० किलोखालच्या पुरुषांची अंतिम लढत. एका बाजूला ऑस्ट्रियाचा लुडविग पायशर, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरियाचा चोइ मिन-हो. चोइ १६३ सेंटीमीटर उंच, म्हणजे आपल्याकडे बसमध्ये वरची कडी धरायला टाचा उचलाव्या लागतील असा. खांदे मात्र असे की डोबोकच्या आत कुणी उशी कोंबल्यासारखं वाटावं. (कोरियात ज्युदोला युदो म्हणतात आणि अंगातल्या त्या जाड सुती झग्याला डोबोक.) ज्युदो न कळणाऱ्याला पहिली काही सेकंदं ही नुसती कॉलर-बाहीची ओढाताण वाटते, दोन माणसं एकमेकांचे शर्ट फाडायला निघालीत, पण दोघांनाही शिंप्याची लाज वाटते आहे, अशी. तेव्हा लढत पाच मिनिटांची असे. ही अडीच मिनिटंही चालली नाही. पायशर पुढे झुकला, चोइचा हात खाली गेला, पायाला भिडला, आणि पुढच्या क्षणी पायशर हवेत वळून पाठीवर. पंचाचा हात सरळ आभाळाकडे. इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण. कोरियन लोक म्हणतात हानपान.

मी खाटेवर उठून बसलो. हा तर पट!

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्या लागायच्या तेव्हा अण्णा मला खांद्यावर घेऊन जायचे. हलगी कडाडायची, हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन इतकी मऊ झालेली असायची की तिचा वास घरी येऊन अंघोळ केल्यावरही नाकात राहायचा. अण्णांना कुस्तीतला एकच डाव मनापासून कळायचा, तो म्हणजे पट, समोरच्याचे पाय धरून पाडायचा. "बघ, बघ, पट काढला!" असं म्हणताना ते माझ्या पोटऱ्या घट्ट धरायचे. बाकी ढाक काय, कलाजंग काय, दोघांनाही घरी आल्यावरच दुसऱ्या कुणाकडून समजायचं. त्यामुळे बीजिंगमधल्या त्या चकाचक मॅटवर, हलगीशिवाय, मातीशिवाय, गोरा ऑस्ट्रियन माणूस पटावर उचललेला पाहून मला कुणी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. चितपट झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोही ओळखीचाच. दुखत काही नसतं, पण आभाळ इतक्या लवकर कसं दिसलं, याचा हिशेब लागत नसतो.

पण भाचीने व्हिडिओ पाठवला होता तो या पटासाठी नाही. पुढच्या भागासाठी. चोइ जिंकला आणि मॅटवरच कोसळला. गुडघ्यांवर, कपाळ खाली, आणि रडायला लागला. डोळे पाणावले वगैरे नाही. चांगला २७ वर्षांचा बाप्या, खांदे गदागदा हलवत, तोंड वेडंवाकडं करून, लहान मूल हरवल्यावर रडतं तसा. नियमाप्रमाणे दोघांनी समोरासमोर उभं राहून लवायचं असतं, तेही त्याला जमेना. तेव्हा पायशर, जो एका मिनिटापूर्वी त्याच मॅटवर उताणा पडला होता, त्याच्याजवळ गेला, पाठीवर थोपटलं, त्याला उठवलं, आणि त्याचा हात धरून सगळ्या प्रेक्षकांना दाखवत वर केला. हरलेल्या माणसाने जिंकलेल्याचा हात वर करणं. मी तो तुकडा त्या रात्री पाच-सहा वेळा पाहिला असेन.

हे रडणं चार वर्षांचं होतं, हे मग वाचून कळलं.

चोइ मिन-हो हा किमचॉनचा, म्हणजे कोरियाच्या आग्नेय भागातल्या उत्तर ग्योंगसांग प्रांतातल्या एका मध्यम शहराचा. जन्म १९८०. शिकला योंगिन विद्यापीठात, जे मुळात ज्युदोचं कॉलेज म्हणूनच सुरू झालं आणि अजूनही कोरियन ज्युदोची तालीमच आहे. पुढे लढला तो घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या संघातून. हे वाचून मला हसू आलं, पण त्यात काय, आपल्याकडेही पैलवान रेल्वेत तिकीट तपासनीस असतातच की. २००३ मध्ये ओसाकाला, ज्युदोच्या माहेरघरी, तो विश्वविजेता झाला. अंतिम लढतीत ब्रिटनचा क्रेग फॅलन. याच वजनगटात जपानचा तादाहिरो नोमुरा होता, ज्याने १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं आधीच खिशात टाकली होती. त्या स्पर्धेत नोमुरा तिसरा आला. म्हणजे २००४ च्या अथेन्सला जाताना चोइच्या घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, पेपरवाल्यांनी काय गृहीत धरलं असेल, ते सांगायला नको.

अथेन्सला त्याच्या पायात गोळे आले. वजन उतरवण्यापायी. ६० किलोच्या काट्यावर बसायचं म्हणून अंगातलं पाणी पिळून काढायचं, ही या खेळांमधली जुनी अघोरी रीत. जाड कपडे घालून पळायचं, वाफेच्या खोलीत बसायचं, आणि नळाच्या पाण्याकडे बघत बसायचं. आमच्या लहानपणीचे पैलवान म्हणजे खुराक. थंडाई, तूप, बदाम, शिकरण. पैलवान जेवायला येणार म्हटल्यावर घरच्या बाया आधी पिठाचा डबा उघडून बघायच्या. पैलवान उपाशी असतो, तहानेने त्याची जीभ टाळूला चिकटलेली असते, ही कल्पनाच आम्हाला नव्हती. आता पॅरिस ऑलिंपिकमधल्या विनेश फोगाटच्या त्या जादा १०० ग्रॅमनंतर प्रत्येक भारतीयाला ती आहे. तर अथेन्सला उपांत्यपूर्व फेरीत मंगोलियाचा त्सागानबातार समोर आला, चोइचे पाय त्याचे राहिले नाहीत, आणि तो हरला. मग रेपेचाजच्या, म्हणजे हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणाऱ्या फेऱ्यांच्या, मागच्या दाराने, त्याच आखडलेल्या पायांनी, एक एक लढत जिंकत कांस्यपदकापर्यंत आला. ज्युदोत कांस्यं दोन असतात, दुसरं त्सागानबातारला मिळालं. सुवर्ण पुन्हा नोमुराने नेलं, सलग तिसरं.

त्या वर्षी कोरियाला ज्युदोत एकच सुवर्ण मिळालं, ७३ किलो गटात ली वन-हीला. ली हा चोइचा जवळचा. आदल्या वर्षी ओसाकाला दोघेही विश्वविजेते झाले होते. जाताना दोघे बरोबरीचे. येताना एकाभोवती कॅमेरे आणि दुसरा बाजूला सामानाची वाट बघत. हे चित्र माझ्या मनातलं आहे, विमानतळावर मी नव्हतो. पण परतल्यावर आपण खचलो होतो हे चोइने पुढे स्वतःच सांगितलंय, आणि पहिला नि तिसरा यांच्यातलं अंतर त्याला खेळापेक्षा लोकांच्या नजरेत जास्त दिसलं असणार. तिथे तर ते अंतर सरकारच मोजून देतं. ऑलिंपिक पदकविजेत्यांना कोरियात दरमहा मानधन मिळतं. अलीकडच्या हिशेबाने सुवर्णाला महिना १० लाख वॉन, कांस्याला सव्वापाच लाख. लष्कराच्या नोकरीच्या बाबतीत मात्र तिन्ही पदकं सारखी. प्रत्येक कोरियन पुरुषाला सक्तीने करावी लागणारी ती दीड-दोन वर्षांची नोकरी ऑलिंपिक कांस्यानेही टळते, थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण आणि ठरावीक तासांची समाजसेवा यावर भागतं. म्हणजे सैन्याने त्याचं कांस्य पूर्ण मोजलं. माणसांनी अर्ध्याने मोजलं.

कराडपासून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे कांस्यपदकाबद्दल आपण शहाणपणा शिकवावा अशी आपली परिस्थिती नाही. तिथल्या खाशाबा जाधवांची, स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची, गोष्ट मी सांगत बसत नाही. ती बैलगाड्यांची मिरवणूक आणि त्यानंतरची ती शांतता, दोन्ही आपल्या पाचवीला पुजलेली. फक्त एक गंमत मला या निमित्ताने कळली. हेलसिंकीला १९५२ मध्ये खाशाबांच्या गटात सुवर्ण जिंकणारा जपानी शोहाची इशी हा मूळचा ज्युदोचा गडी. युद्धानंतर अमेरिकन अंमलात जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. ती बंदी आली नसती तर... असा विचार मी एक दिवसभर केला आणि सोडून दिला. 'ऑलिंपिक निवास' अशी पाटी असलेल्या घराजवळून भाची रोज सायकलने जात नाही, पण आठवड्यातून एकदा तरी जाते. त्या पाटीवर पदकाचा रंग लिहिलेला नाही.

तर चार वर्षांनी बीजिंग. चोइने त्या दिवशी पाच लढती केल्या आणि पाचही इप्पोनने जिंकल्या. आपल्या भाषेत, पाचही कुस्त्या निकाली. गुणांवर एकही नाही. उपांत्य फेरीतला रुबेन हाउकेस आदल्या वर्षीचा विश्वविजेता होता, तोही पूर्ण वेळ टिकला नाही. बीजिंगमधलं कोरियाचं ते पहिलं सुवर्ण. आणि मग ते रडणं.

इथे मला एक अडचण आहे. ही गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते तिथे ती अशीच सांगितली जाते: कांस्य मिळालं, लोकांनी विचारलं नाही, तो जिद्दीने पेटला, सुवर्ण आणलं, रडला. मलाही ती तशीच आवडली आणि आवडल्यावर जरा लाज वाटली. कारण या सांगण्यात अथेन्सचं कांस्य म्हणजे बीजिंगच्या सुवर्णाच्या खाली ठेवलेला पाट. तो पाट नसून ताट होतं, आखडलेल्या पायांनी मिळवलेलं, हे म्हणायला कुणाला सुवर्णाशिवाय सवड नाही. बीजिंगलाही त्याच्या पायात गोळे आले असते तर? मी हे लिहिलं नसतं, भाचीने व्हिडिओ पाठवला नसता. २०१० मध्ये ग्वांगझूच्या एशियाडमध्ये याच माणसाने पुन्हा कांस्य घेतलं. त्याचा तुकडा कुणी कुणाला पाठवत असेल असं वाटत नाही. आणि पायशरचं काय? ऑस्ट्रियात त्याला कुणी विचारलंच असेल, ज्युदोवाले किती होते म्हणून.

पुढचं पटकन सांगतो, कारण तेही तसंच वाकडंतिकडं आहे. तो पट, ज्याने चोइला सुवर्ण दिलं, तो दोन वर्षांत बाद झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० पासून उभ्या लढतीत पायाला थेट हात घालणं निषिद्ध ठरवलं आणि २०१३ मध्ये उरलीसुरली पळवाटही बुजवली. ज्युदो फार कुस्तीसारखा दिसायला लागला होता म्हणे. (कुस्तीसारखा दिसण्यात वाईट काय, असं अण्णांनी नक्की विचारलं असतं.) चोइ वजन उतरवायला कंटाळून ६६ किलोंच्या गटात गेला, पण २०१२ च्या लंडनचं तिकीट तिथे जो जुन-होला मिळालं. या जो जुन-होची लंडनमधली उपांत्यपूर्व लढत ज्याने पाहिली तो विसरणार नाही. तिन्ही पंचांनी झेंडे त्याच्या बाजूने उचलले, मग वरच्या मंडळींनी त्यांना बोलावलं, आणि तेच तीन पंच परत येऊन तिन्ही झेंडे जपानच्या एबिनुमाच्या बाजूने उचलून गेले. जो रेपेचाजमधून कांस्य घेऊन परतला. अथेन्सनंतरचं पुन्हा एक कांस्य, मागच्या दाराने. चोइ पुढे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. जो जुन-होला तो काय म्हणाला असेल, किंवा काहीच म्हणाला नसेल, याबद्दल मला उगाचच उत्सुकता आहे.

जानेवारीत मी कराडला गेलो. भाचीने फोनचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. संध्याकाळी तिच्या क्लासला गेलो. एका मंगल कार्यालयाचा मागचा हॉल, भिंतीला अजून कुणाच्या तरी लग्नाच्या झेंडूच्या माळेचा सुतळीचा तुकडा, खाली निळे-पिवळे मॅट. पहिला अर्धा तास मुलं नुसती पडत होती. मागे पडायचं, बाजूला पडायचं, कोलांटी घेऊन पडायचं, आणि प्रत्येक वेळी हात सपाट मॅटवर आपटायचा. तीस मुलं एका लयीत पडतात तेव्हा धुण्याच्या दगडावर ओल्या चादरी आपटल्यासारखा आवाज येतो. सर म्हणाले, "सहा महिने आम्ही पडायलाच शिकवतो." पालकांपैकी एकाने विचारलं, "मग पाडायला कधी?" सर हसले नाहीत.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "तो कोरियन करतो तसं दाखव ना, पायात हात घालून." ती म्हणाली, "चालत नाही आता, पेनल्टी बसते. हे दाखवते." आणि मला हात धरून आतल्या खोलीत नेलं, पलंगावरची गादी जमिनीवर ओढली. सरांनी शिकवलेलं त्या डावाचं जपानी नाव सेओइ-नागे. कोरियनमध्ये त्याला ओपओचीगी म्हणतात, हे मी वाचून गेलो होतो, आणि तिला सांगितलं. त्यातला ओपदा म्हणजे पाठुंगळीला घेणं. तिकडच्या बायका तान्ह्या पोराला पाठीवर बांधतात तो शब्द. पाठुंगळीला घेऊन आपटायचं. "काहीपण," ती म्हणाली. कपाटाच्या कडीला तिचं पदक लटकत होतं. निळी फीत, वजनाला हलकं, मागच्या बाजूला वर्ष. त्याच कडीला घराच्या किल्ल्याही होत्या.

"उजवा पाय पुढे. कडक नको राहू. आणि पडलास की मान आत घ्यायची." तिने माझ्या शर्टाची बाही एका मुठीत धरली, कॉलर दुसऱ्या. मुठी मला वाटल्या त्यापेक्षा बऱ्याच घट्ट होत्या, वरचं बटण तुटून कुठे तरी गेलं. मग ती एकदम वळली, तिची पाठ माझ्या पोटाला लागली, माझा हात तिच्या खांद्यावरून पुढे खेचला गेला आणि माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या. चवडे तेवढे टेकलेले. तिच्या वेणीला खोबरेलाचा वास आणि त्यात मॅटच्या रबराचा. मी ७४ किलो, ती ४०च्या आत. ना मी पडलो, ना उतरलो. दोघेही तसेच अडकून राहिलो, तिचे पाय थरथरत होते. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "अगं, त्याची कंबर! आणि तुझी!"

"अजून थोडं खाली जायला पाहिजे होतं मी," ती खालून, दम कोंडलेल्या आवाजात म्हणाली. "सेमीला पण हेच झालं. थांब मामा, उतरू नको."